बुंध्यावरची खतावणी

सिएनाला मी गेलो तो बँक पाहायला. अडतीस वर्षे राष्ट्रीयीकृत बँकेत काढलेल्या माणसाने इटलीत जाऊन चर्चमधली भित्तिचित्रे आधी पाहावीत की बँक, हा प्रश्न माझ्या भाचीला पडला असेल; मला पडला नाही. आजही चालू असलेली जगातली सर्वांत जुनी बँक सिएनात आहे. मोंते देई पास्की, स्थापना 1472. 'पास्की' म्हणजे चराऊ कुरणे. सतराव्या शतकात तिथल्या ग्रँड ड्यूकने ठेवीदारांना हमी म्हणून मारेम्मा भागातल्या सरकारी कुरणांचे उत्पन्न लावून दिले, तेव्हापासून कुरणे नावातच येऊन बसली. आपल्या तारणाचे नाव पाटीवर अभिमानाने मिरवणारी दुसरी बँक मला ठाऊक नाही. (या बँकेने 2007 साली भरमसाट किमतीला दुसरी एक बँक विकत घेतली आणि पुढे 2017 मध्ये सरकारला पैसे ओतून तिला वाचवावे लागले. साडेपाचशे वर्षांचा अनुभवही माणसाला शहाणा करतोच असे नाही. असो.)

ती कुरणे कुठून दिसतील, असे मी विचारले आणि त्या प्रश्नामुळे भलत्याच वाटेला लागलो. भाची सिएनात लशी बनवणाऱ्या एका कंपनीत काम करते. तिच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या, शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बाई म्हणाल्या, "आमियाताच्या माथ्यावरून दिसतील. रविवारी मी जाणारच आहे. मामांना घेऊन जाते." हा 2024 च्या मे महिन्यातला प्रसंग.

मोंते आमियाता हा दक्षिण तोस्कानातला 1738 मीटर उंचीचा डोंगर. कळसूबाईपेक्षा थोडा उंच. मूळचा ज्वालामुखी, लाखो वर्षांपूर्वी विझलेला. पायथ्याशी ऑलिव्ह आणि ओक, त्यावर चेस्टनटच्या जुन्या राया आणि हजारेक मीटरच्या वर थेट माथ्यापर्यंत बीचचे जंगल. चेस्टनट हा इथल्या गरिबांचा भात होता. फळे वाळवून, दळून त्याच्या पिठावर हिवाळा काढायचा. आपल्याकडे फणस-नाचणीने जे केले, तेच. एका दिवसात भूमध्य समुद्राकाठच्या रखरखीतून निघून आपण जवळजवळ उत्तर युरोपात शिरतो, फक्त वर चढून. आणि या चढणीत बाईंनी मला एकही झाड दाखवले नाही. त्यांनी झाडांच्या साली दाखवल्या.

सालींवर होते ते दगडफूल. हो, तेच, आपल्या गोड्या मसाल्यातले. किंवा त्याचे शेकडो नातेवाईक. शास्त्रीय मराठीत याला शैवाक म्हणतात. एक कवक आणि एक शैवल एकत्र नांदून झालेला हा जीव. शैवलाने उन्हावर अन्न शिजवायचे, कवकाने घर, भिंती आणि पाणी पुरवायचे. दोघे मिळून जे होते, ते दोघांपैकी कुणासारखेच दिसत नाही. 1860 च्या दशकात श्वेंडेनर नावाच्या स्विस शास्त्रज्ञाने हे जोडपे आहे असे सांगितले, तेव्हा त्या काळच्या भल्याभल्या शैवाकतज्ज्ञांना हा आपल्या विषयाचा अपमान वाटला होता. आता तर 2016 पासून अशीही चर्चा आहे की अनेक शैवाकांत तिसरा भागीदार, एक यीस्ट, राहतो. भागीदारीची फर्म म्हटले की निद्रिस्त भागीदार निघतोच, हे मी बाईंना सांगायचा प्रयत्न केला. भाचीने त्याचे इटालियन करायला नकार दिला.

एकट्या इटलीत शैवाकांच्या 2,700 च्या आसपास जाती नोंदल्या आहेत. त्रिएस्तेचे प्राध्यापक पिएर लुइजी निमिस यांनी त्यांची सूची करण्यात आयुष्य घातले. पहिली सूची 1993 ची, सुधारलेली 2016 ची. अशा डोंगरावर इतकी विविधता का, तर उतरणीच्या प्रत्येक टप्प्यावर हवेचा ओलावा, झाडाची साल, ऊन आणि धुके यांचे गणित बदलते. खाली उन्हाळाभर पाऊस नाही. शैवाक चक्क वाळून जाते, पापडासारखे कडक होते आणि पहाटेच्या दवाने पुन्हा जागे होते. वर, तिऱ्हेनियन समुद्राकडून येणारे धुके जिथे अडकते त्या घळीत, बाईंनी एका जुन्या बीचपाशी थांबून मला 'लोबारिया पल्मोनारिया' दाखवले. तळहाताहून मोठी, कोबीच्या पानासारखी हिरवी झालर, वर खळगे आणि शिरा. दिसायला थेट फुप्फुस. म्हणून जुन्या युरोपातले वैद्य ते फुप्फुसाच्या रोगावर देत. त्याने कुणी बरे झाले असेल असे वाटत नाही. पण फुप्फुसाशी या जिवाचे नाते आहे, हे मात्र त्या वैद्यांनी चुकीच्या कारणाने बरोबर ओळखले होते.

शैवाकाला मूळ नसते. पानांवर असते तसले मेणाचे आवरणही नसते. त्याचे सगळे खाणेपिणे हवेतून आणि पावसातून, आणि आत आलेले नको म्हणून बाहेर टाकायची सोय जवळजवळ नाही. हवेत जे असेल ते जमा होत राहते. 1866 साली विल्यम न्यूलँडर याने पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतली शैवाके पाहून लिहून ठेवले की, ही हवेच्या शुद्धतेची मापे आहेत. कोळशाच्या धुरातल्या गंधकाने पुढे शहरेच्या शहरे शैवाकमुक्त झाली. आणि 1997 मध्ये निमिस व चिस्लागी यांनी 'नेचर'मध्ये व्हेनेतो भागाचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहाशेहून अधिक ठिकाणी झाडांवरची शैवाके मोजली, त्यांचा नकाशा केला आणि तो तिथल्या पुरुषांच्या फुप्फुसाच्या कर्करोगाने झालेल्या मृत्यूंच्या नकाशाशेजारी ठेवला. जिथे शैवाकांची विविधता कमी, तिथे मृत्यू जास्त. दोन नकाशे बरेचसे एकमेकांवर बसले. अशा जुळणीने कारण सिद्ध होत नाही, हे मान्य. पण तारण तपासायला गेलेल्या अधिकाऱ्याने असे दोन कागद शेजारी पाहिले, तर त्याने फाईल पुढे सरकवू नये.

मोजण्याची पद्धत पाहून तर मला माझे तपासणीचे दिवस आठवले. दहा सेंटिमीटर लांबी-रुंदीचे पाच चौकोन, एकाखाली एक, अशी दोऱ्याची किंवा तारेची शिडी. जमिनीपासून एक मीटर उंचीवर ती बुंध्याला लावायची. पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर, चारही बाजूंना. झाड सरळ हवे, जखमी नको. मग प्रत्येक जात किती चौकोनांत आहे ते लिहायचे आणि बेरीज करायची. 2014 पासून यासाठी युरोपचे एक प्रमाणित मानकच आहे. बाईंनी शिडी लावली, गुडघे टेकले आणि भिंगातून पाहत आकडे सांगू लागल्या. मी वहीत उतरवत गेलो. रोजकीर्दीवरून खतावणी, खतावणीवरून बेरीज. इतक्या वर्षांनी हाताला ती सवय परत लागली, याचे मला उगाच बरे वाटले.

इथवर ही सहल झाली. खरी गोष्ट डोंगराच्या पूर्वेच्या अंगाला आहे.

आबादिया सान साल्वातोरे हे गाव तिथे आहे. आमियाता हा जगातल्या पाऱ्याच्या मोठ्या साठ्यांपैकी एक. स्पेनमधले आल्मादेन, स्लोव्हेनियातले इद्रिया आणि हा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इथे हिंगूळ खणून भट्टीत भाजत आणि पारा काढत. त्या धुरात काम करणाऱ्यांचे हात थरथरत, हिरड्या सुजत. पाऱ्याची विषबाधा म्हणजे काय, ते जगातल्या सगळ्या पारा-गावांना पुस्तकाशिवाय ठाऊक होते. बाईंचे वडील खाणीत होते. पाऱ्याचा भाव पडला, जगाला त्याचे भय कळले, आणि 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत इथले काम थांबले. आता तिथे खाणीचे संग्रहालय आहे. शाळेच्या मुलांना जुन्या बोगद्यात नेतात.

खाण बंद झाली, म्हणजे हिशेब मिटला, असे कुणालाही वाटेल. सिएना विद्यापीठातल्या रोबेर्तो बार्गाली, स्तेफानो लोप्पी आदी शास्त्रज्ञांनी झाडांवरची शैवाके खरवडून त्यातला पारा मोजला, तेव्हा दिसले की भट्ट्या थंड होऊन वर्षे लोटली तरी खाणीच्या आसपासच्या सालींवर पारा चढतोच आहे. भाजलेल्या खनिजाचे लालसर ढीग आणि भोवतालची माती उन्हात तापते आणि पारा हळूहळू हवेत सोडते. जसजसे लांब जावे तसतसा आकडा उतरतो. बंद खात्यावर व्याज चढत राहावे, तसे हे. त्या ढिगांची आणि मातीची स्वच्छता गेल्या दोन-तीन दशकांपासून चालू आहे, आणि स्वच्छता झाली की नाही हे विचारायचे कुणाला, तर पुन्हा झाडालाच.

आणि आता या डोंगरात नवा धंदा आहे. जमिनीखालची वाफ. तोस्कानाने जगाला हा मार्ग दाखवला. लार्देरेल्लो इथे 1904 साली भूगर्भातल्या वाफेवर पहिले दिवे लागले. आज या प्रांताच्या विजेच्या गरजेचा जवळपास तिसरा हिस्सा अशा वाफेतून भागतो. आमियातावर पियानकास्तान्यायो आणि बान्योरे इथे अशी केंद्रे आहेत. कोळसा नाही, तेल नाही, राख नाही. पण वाफेबरोबर हायड्रोजन सल्फाइड येतो, अमोनिया येतो, बोरॉन येते आणि या डोंगराच्या पोटातून म्हटल्यावर पाराही येतो. लोप्पी यांनी 1990 च्या दशकात मध्य इटलीतल्या अशा केंद्रांभोवती शैवाके मोजली आणि केंद्राजवळ विविधता घटलेली आढळली. त्यानंतर केंद्रांवर पारा आणि सल्फाइड अडवणारी यंत्रे बसली. ती बसवली गेली यात त्या सालींवरच्या डागांचाही वाटा असावा, असे मला आपले वाटते.

गावात यावरून दोन तट आहेत. एका बाजूला नोकऱ्या, स्वस्त उष्णता आणि 'हरित ऊर्जा' हा आज ज्याच्यापुढे बोलायची चोरी झाली आहे असा शब्द. दुसऱ्या बाजूला हवा, पाणी आणि पाऱ्याची जुनी आठवण. बाईंना मी विचारले, तुम्ही कुठल्या बाजूला? त्या म्हणाल्या, "माझ्या घरात दिवा लागतोच की. मला केंद्र बंद करायचं नाही. मला फक्त केंद्र सुरू होण्याच्या आधीचा आकडा हवा आहे. तो कुणाकडे नाही."

मला हे पटले, आणि बोचले. पटले ते अशासाठी की, ऊर्जा स्वच्छ आहे की नाही हे तिच्या नावावरून ठरत नाही. ते ठिकाणावरून ठरते. तीच वाफ दुसऱ्या डोंगरात निरुपद्रवी असेल, पाऱ्याच्या डोंगरात नसेल. प्रमाणपत्र देणाऱ्याने यंत्राकडे पाहावे, तसे बुंध्याकडेही पाहावे, आणि मोजणाऱ्याचा पगार केंद्राच्या खात्यातून निघू नये. इतकी साधी मागणी मान्य व्हायला इतकी वर्षे का लागावीत?

इथे एक भाबडेपणाही टाळायला हवा. 'झाडावर शैवाक दिसले म्हणजे हवा शुद्ध' असे आपल्याकडच्या निसर्ग-सहलींत सर्रास सांगतात. ते खोटे आहे. पिवळे धमक 'झँथोरिया पारिएतिना' गोठ्याशेजारी आणि खत मारलेल्या शेताकडेला मजेत वाढते, कारण त्याला अमोनिया मानवतो. युरोपातल्या शहरांत गंधक कमी झाल्यावर शैवाके परत आली, पण परत आलेल्यांत असे नायट्रोजनखोरच बरेच. बुंधा पिवळा झाला म्हणून टाळ्या वाजवणे म्हणजे ठेवी वाढल्या म्हणून शाखेचे कौतुक करणे. त्या ठेवी कुणाच्या, किती दिवसांच्या, हे पाहायचेच नाही. लोबारियाची गोष्ट वेगळी. ते फार हळू पसरते, जुनी झाडे मागते, आणि राई तोडून दहा पट रोपे लावली म्हणून त्या रोपांवर येत नाही. वठलेले जुने चेस्टनट तोडताना मालक म्हणतो, याला आता फळ कुठे धरते? फळाचा रकाना रिकामा असतो, हे खरे. सालीचा रकानाच छापलेला नसतो.

बोचले ते का, हे सांगायला मला 1993 मध्ये यावे लागेल. मी तेव्हा बत्तीस वर्षांचा, कोकणातल्या एका शाखेचा व्यवस्थापक. एका लहान रासायनिक कारखान्याच्या वाढीव कर्जाचा प्रस्ताव होता. कागद चोख. हवेबद्दलचे ना हरकत पत्र जोडलेले, शिक्का स्वच्छ. जागेच्या पाहणीला गेलो, तेव्हा शेजारच्या बागेतले आबा कुंपणापाशी आले. म्हणाले, "साहेब, कलमांच्या अंगावरचे चट्टे गेले बघा. गेल्या वर्षापर्यंत खोड कसं राखी-पांढरं चितारलेलं असायचं. आता धुतल्यागत काळं पडलंय." मी पाहिले. मला ती स्वच्छ झाडे वाटली. चट्टे गेले तर बरेच झाले की, असेही मी म्हणालो असेन. आबा माझ्याकडे जसे पाहत राहिले, त्यावरून वाटते की म्हणालोच. तपासणी अहवालात मी लिहिले : शेजाऱ्यांची विशेष तक्रार नाही. कर्ज मंजूर झाले, वेळेवर फिटले. माझ्या कारकिर्दीतल्या उत्तम कर्जांपैकी ते एक. दोन वर्षांनी आबांनी बागेवरचे पीककर्ज थकवले, तेव्हा नोटीस माझ्याच सहीने गेली.

मला माहिती नव्हती, हा बचाव मी बरीच वर्षे वापरला. आमियाताहून परतल्यावर तो कमजोर झाला. कारण माहिती पुण्यात होती. आघारकर संशोधन संस्थेत प. गो. पटवर्धन, ऊर्मिला मखिजा आदींनी सह्याद्रीतल्या शैवाकांचा अभ्यास 1993 च्या कितीतरी आधीपासून चालवला होता. पुढे कोडाईकनालच्या थर्मामीटर कारखान्यातला पारा किती दूर गेला हे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी शोधले, तेही शैवाके आणि शेवाळी तपासून. 2003 साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. कारखाना 2001 मध्ये बंद झाला होता. म्हणजे आपल्याकडे विद्या आहे. ती प्रकल्पाच्या फाईलपर्यंत येत नाही. नोकरीत असे अहवाल मी ढिगाने वाचले. झाडे किती, कोणती, घेर किती, सारे असे. झाडावर काय आहे, हे एकात नव्हते. आणि ज्या देशात घरोघरी हा जीव फोडणीच्या तेलात पडतो, तिथे ही स्थिती. मसाल्याच्या दुकानात तो वजनावर मिळतो. त्याची शेती होत नाही. सगळा माल रानातल्या झाडांवरून आणि दगडांवरून ओरबाडून येतो. किती येतो आणि मागे किती उरतो, हे दुकानदाराला विचारले, तर तो भाव सांगतो.

परत आल्यावर डिसेंबरात मी त्या बागेत गेलो. आबा जाऊन बरीच वर्षे झाली. कारखानाही बंद पडलेला. पत्रे निघाले आहेत. रस्त्याकडेची कलमे रुंदीकरणात गेली. मोबदल्याच्या यादीत प्रत्येक कलमाचे वय आणि उत्पन्न होते, मुलाने कागद दाखवला. मी कोण, हे मी त्याला सांगितले. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "विहिरीजवळची तीन झाडं आहेत अजून. बाबांच्या वेळची."

सुतळीची शिडी मी करून नेली होती. मुलाने एक टोक धरले. शैवाकांची नावे मला येत नाहीत, म्हणून अ, ब, क दिले. राखी रंगाचे ते अ, वीसपैकी चौदा चौकोनांत. हिरवट, कडेला कुरळे ते ब, सहा. काळ्या ठिपक्यांचे क, तीन. बेरीज तेवीस. चांगले की वाईट, हे ठरवायला 1993 चा आकडा हवा. तो लिहिण्याची जागा माझ्याच अहवालात होती.

"पुढच्या वर्षी परत मोजणार?" त्याने विचारले. मी हो म्हटले. मग जागा चुकू नये म्हणून खिळा ठोकू का, असे म्हणत तो हातोडी आणायला निघाला, तेव्हा मी त्याला थांबवले आणि खिशातली उरलेली सुतळी दिली.